वर्तुळात एक ठिपका

“पंधरा ऑगस्टपर्यंत किती पोरं उभी करता?” मुख्याध्यापकांचा पहिला प्रश्न हाच होता.

2022 चा जून संपत आला होता. आमच्या विदर्भात उन्हामुळे शाळा उशिरा उघडतात, त्यामुळे पुस्तकांचे गठ्ठेही अजून सुटले नव्हते. मी मात्र उन्हाळ्यात भारत स्काऊट्स आणि गाईड्सचा सात दिवसांचा बेसिक कोर्स करून आलो होतो. राळेगाव तालुक्यातल्या आमच्या या शाळेत स्काऊट पथक सुरू करायचं, हे मनात पक्कं होतं. सरांना पंधरा ऑगस्टला झेंड्यासमोर एका रंगाच्या स्कार्फमधली साठ पोरं हवी होती. शाळेत काहीतरी चाललंय हे गावाला दिसावं, एवढंच त्यांचं म्हणणं होतं, आणि त्यात वाईट काही नव्हतं.

मी म्हणालो, “सर, साठ नाही जमणार. आणि पंधरा ऑगस्टला तर एकही नाही.”

एका पथकात जास्तीत जास्त 32 मुलं. सहा ते आठ मुलांचा एक संघ, असे फार तर चार संघ. मुलगा आला म्हणून लगेच स्काऊट होत नाही. आधी ‘प्रवेश’चा अभ्यास, तो किमान तीन महिने. त्यात नियम आणि वचन समजून घेणं, खुणा, गाठी, आणि महिनाभर घरात रोज एक सत्कृत्य करून ते वहीत लिहिणं. त्यानंतर दीक्षाविधी, आणि मग गणवेशावर बॅज. जुलैत सुरू केलं तरी नोव्हेंबर उजाडणार होता.

“मग आम्ही गावाले दाखवायचं काय?” सर म्हणाले. थोडा वेळ कागद उलटसुलट करून त्यांनी सही केली. ती सही त्यांनी नाराजीने केली होती, पण केली. त्याबद्दल मी त्यांचा कायमचा ऋणी आहे. साठ पोरांना स्कार्फ बांधून उभं करणं त्या दिवशी फार सोपं होतं.

नोंदणीचं काम यवतमाळला दोन चकरांत झालं. शाळेचं पत्र, माझं प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, मुलांची यादी, जन्मतारखा, शुल्क. जिल्हा संघटकांनी यादीतल्या एका जन्मतारखेवर पेन ठेवलं. मुलगा साडेनऊ वर्षांचा होता आणि स्काऊटसाठी दहा पूर्ण लागतात. त्याहून लहान मुलांसाठी कब असतात, पण त्यांचं पथक वेगळं, त्यांना शिकवणारा माणूस वेगळा. आमच्याकडे तो नव्हता. त्या पोराला मी सांगितलं तेव्हा तो काही बोलला नाही. पुढचे सहा महिने दर शनिवारी तो मैदानाच्या फाटकावर बसून आमचं सगळं पाहायचा. वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सातला वही घेऊन माझ्या दारात उभा राहिला.

यादीत 24 नावं राहिली. आठ-आठचे तीन संघ. संघांना प्राणी-पक्ष्यांची नावं द्यायची असतात. पहिल्या संघाने ‘मोर’ घेतलं, दुसऱ्याने ‘रोही’, म्हणजे नीलगाय. घरी रोही पिकं फस्त करतात म्हणून रात्र रात्र जागल करणाऱ्या घरातली ही पोरं, पण तिच्या पळण्याचं त्यांना कौतुक होतं. तिसऱ्या संघातला एक जण हळूच ‘बैल’ म्हणाला आणि बाकीचे त्याच्यावर तुटून पडले, कारण वर्गात बैल ही शिवी असते. तेव्हा मी त्यांना सांगितलं, की 1907 साली इंग्लंडमध्ये ब्राउनसी बेटावर बेडन पॉवेल यांनी वीस मुलांचं पहिलं शिबिर घेतलं, तेव्हा चार संघ होते आणि त्यातल्या एकाचं नाव ‘बैल’ होतं. पोरं गप्प झाली. जगातल्या पहिल्या चार संघांतलं नाव आपल्याकडे येतंय, आणि तेही पोळा तोंडावर असताना! नंतर ‘मोर’वाले अदलाबदल करायला आले, पण तोवर उशीर झाला होता.

गाठी शिकवताना मला फार काही करावं लागलं नाही. कोर्समध्ये ज्या गाठीसाठी आम्ही मास्तर मंडळी अर्धा दिवस घाम गाळत होतो, ती खुंट्याची गाठ या पोरांनी डोळे मिटून बांधली. गोऱ्हा बांधणाऱ्या हातांना ती वेगळी शिकवायची गरजच नव्हती.

पालकांची सभा घेतली, तेव्हा अर्धे आले. “काहून सर, पोट्टे मिलिटरीत टाकून राहिले काय?” हा प्रश्न तीन जणांनी विचारला. तो सोपा होता. अवघड प्रश्न सभा संपल्यावर आला. एक वडील थांबले. गवंडीकाम करतात. हात धुऊन, स्वच्छ शर्ट घालून आले होते.

“जय भीम सर. एक इचारतो. तुमच्या कागदावर ‘दीक्षाविधी’ लिहून आहे. दीक्षा तर आमची नागपूरले 1956 सालीच झाली. आता ही कोणती?”

मी सांगितलं, की ही पथकात सामील होण्याची दीक्षा आहे. मुलगा सगळ्यांसमोर वचन देतो, तेव्हापासून तो स्काऊट.

“अन् वचनात काय?”

मी वचन म्हणून दाखवलं. ईश्वराचा शब्द आला तिथे ते थांबले. “बाकी सगळं ठीक आहे सर. पण माह्या पोराच्या तोंडून हे नाही यायचं. आमच्या घरात ते नाही.”

कोर्समध्ये हा मुद्दा पाच मिनिटांत उरकला होता आणि मीही तो तेवढाच ऐकला होता. पण ऐकला होता, हे माझं नशीब. नियमपुस्तिकेची झेरॉक्स काढून मी त्यांच्या हातात दिली आणि त्या ओळीवर बोट ठेवलं. ज्याला हवं असेल त्याने ‘ईश्वर’ऐवजी ‘धर्म’ म्हणावं, अशी मुभा तिथे लिहिलेली आहे. त्यांनी मला ते मराठीत दोनदा सांगायला लावलं.

“हे तुमी टाकलं?”

“नाही. पुस्तकात आहे. देशभर असंच आहे.”

“मंग बरं,” ते म्हणाले. “तुमी टाकलं असतं तर उद्या दुसरा मास्तर आल्यावर काढलं असतं.”

ते वाक्य मी त्या रात्री वहीत लिहून ठेवलं. माझ्या चांगुलपणावर त्यांचा विश्वास नव्हता असं नाही. पण पोराच्या बाबतीत त्यांना एका मास्तराच्या चांगुलपणावर विसंबायचं नव्हतं, आणि ते बरोबरच होतं. नोव्हेंबरच्या शेवटी दीक्षाविधी झाला तेव्हा कोण कोणता शब्द म्हणणार हे मी आधी कागदावर विचारलं नाही. एकेक जण पुढे आला, उजव्या हाताची तीन बोटं वर केली आणि आपला शब्द म्हणाला. पंधरांनी एक, नवांनी दुसरा. त्या नवांपैकी दोघं पाटलांच्या आळीतली होती. त्यांना कोणी काही विचारलं नाही, मीही नाही.

खरी कमाईचा नियम मला आधीपासून आवडायचा. स्काऊट पैसे मागत नाही, काम करून मिळवतो. कार्डावर काम काय केलं, किती पैसे मिळाले ते लिहायचं आणि काम देणाऱ्याची सही घ्यायची. तान्ह्या पोळ्याच्या आधी पोरांनी घरोघरचे जुने लाकडी बैल गोळा केले, घासले, रंगवले, शिंगांना बेगड लावली. बैलामागे वीस रुपये. एका आजीने पन्नास दिले तर पोराने तीस परत केले. ती म्हणाली, राहू दे बाप्पा, तो म्हणाला, कार्डावर वीसच लिहिले. एकूण 1,340 रुपये झाले. त्यातून दोर आणला आणि प्रथमोपचाराची पेटी भरली.

पण दिवाळीनंतर कापूस फुटला आणि एक शेतकरी शाळेत आले. गावातले मोठे, शाळेला मदत करणारे. “सर, वेचाले बाया भेटून नाही राहिल्या. तुमचे पोट्टे शनिवार-रविवारले हिंडतच असतेत. दोन दिवस माह्या वावरात धाडा न. किलोमागं देतो. खरी कमाईच होते ते बी.”

मी नाही म्हणालो. चौदा वर्षांखालच्या मुलाला शाळेच्या सुटीत घरच्या शेतात मदत करता येते, दुसऱ्याच्या शेतात मजुरीला लावता येत नाही, 2016 च्या दुरुस्तीनंतरचा कायदा असाच आहे. स्काऊटच्या नावाखाली मुलं मजूर म्हणून पाठवणं तर त्याहून वाईट. पण खरं सांगायचं तर कायद्यापेक्षा मला वेगळीच गोष्ट डाचत होती. आमच्या निम्म्या पोरांचे आई-वडील त्यांच्याच वावरात वेचायला जातात. आईने सकाळी ओटी बांधून जिथे वेचायचं, तिथेच तिच्या पोराने गणवेशात ‘सेवा’ म्हणून वेचायचं? ते पुढे दोन महिने माझ्याशी बोलले नाहीत. मुख्याध्यापकांनी मला बोलावून “थोडं गोड बोलून नाही म्हणायचं होतं” एवढंच सांगितलं. तेही खरं होतं.

आता डिसेंबरमधल्या हाईकबद्दल, म्हणजे पायी सहलीबद्दल.

गावापासून पाच किलोमीटरवर पाझर तलाव आहे. रविवारी जाऊन संध्याकाळच्या आत परत यायचं होतं. आमच्या पट्ट्यात 2018 च्या टी-1 वाघिणीची, माणसं मारल्याचा ठपका असलेल्या ‘अवनी’ची, आठवण अजून ताजी आहे. ती शेवटी मारली गेली ते बोराटी आमच्याच तालुक्यातलं. त्यामुळे रात्रीच्या मुक्कामाचं नावही मी काढलं नाही. वनरक्षकांना आधी कळवलं, जिल्हा कार्यालयाला कळवलं, सोबत आमचे शिपाई भाऊ घेतले, आणि 24 घरांतून संमतिपत्रांवर सह्या घेतल्या. दोन ठिकाणी आजीचा अंगठा होता.

सकाळ फार सुंदर गेली. ‘रोही’ संघ अर्धा तास पुढे निघाला आणि वाटेवर खुणा करत गेला. मातीत बाण, दगडावर दगड, गवताला गाठ. बाकीचे त्या वाचत मागून आले. आजूबाजूला कापूस, मधे तुरीच्या ओळी. तलावावर विनाभांडी स्वयंपाकाचा पाठ होता. कोर्समध्ये तो आम्हाला परीक्षेसारखा शिकवला होता. इथे पोरांनी गोवऱ्या पेटवल्या, पळसाच्या पानांत पानगे गुंडाळून आरात ठेवले, वांगी भाजून हातानेच भरीत केलं. मला नवीन शिकवण्यासारखं काही उरलंच नाही. पाण्यात उतरू द्या म्हणून मागे लागले, पण मी उतरू दिलं नाही. काठावर दोन पट्टीचे पोहणारे दोर घेऊन तयार असल्याशिवाय कोणी पाण्यात जायचं नाही, असं कोर्समध्ये शिकवलं होतं, आणि माझ्याकडे तसे दोघं नव्हते.

तीन वाजता निघताना मोजले. तेवीस.

पुन्हा मोजले. तेवीस. ‘बैल’ संघातला एक नव्हता. संघनायकाला विचारलं, तो म्हणाला मगापर्यंत होता. मी पाण्याकडे पाहिलं. त्या क्षणाबद्दल मी आजवर कोणाशी फार बोललेलो नाही. पाणी अगदी शांत होतं, आणि त्याचीच मला भीती वाटली.

शिपाई भाऊ काठाने धावले. मी सगळ्यांना एका जागी बसवलं आणि हाका मारत सुटलो. वीस मिनिटं झाली, पंचवीस झाली. मग ‘मोर’ संघातला एक लहान पोरगा माझा हात ओढायला लागला. “सर, इकडे या न. इथं काढून ठेवलं.”

बांधाजवळ, पायवाटेच्या कडेला मऊ मातीत एक वर्तुळ होतं आणि त्याच्या मधोमध एक ठिपका.

मीच शिकवलेली खूण. अर्थ : मी घरी गेलो.

शेजारच्याच वावरात त्याची आई वेचत होती. तिने त्याला हाक मारली, गाठोडं उचलायला हात लाव म्हणाली. त्याने जाताना शिकवल्याप्रमाणे खूण केली आणि आईबरोबर निघाला. आम्ही घरी पोहोचलो तेव्हा तो ओट्यावर बसून जेवत होता. आई म्हणाली, “अवो सर, त्यानं तर लिहून ठेवलं म्हणते.” तिला माझा चेहरा पाहून काय झालंय ते कळेना. मला बोलवेना. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि तिथेच ओट्यावर बसलो.

पोराची चूक नव्हती. मी त्याला जी भाषा शिकवली, त्या भाषेत तो निरोप ठेवून गेला होता. चूक माझी होती. सकाळी निघताना एकदा मोजलं, जेवणाआधी एकदा मोजलं, आणि जेवणानंतरच्या दीड तासात मोजलंच नाही. संमतिपत्रावर आईने सही करून मूल माझ्या हाती दिलं, तर परतही माझ्याच हातून गेलं पाहिजे, मग ती आई दहा पावलांवर उभी का असेना. पुढच्या पालकसभेत मी हे सगळं उभं राहून सांगितलं. मुख्याध्यापकांचं मत होतं की सांगू नये, काही झालंच नाही ना. पण सह्या त्या घरांच्या होत्या. दोन वडिलांनी आपली मुलं काढून घेतली. त्यातला एक मुलगा महिन्याने परत आला. दुसरा आला नाही.

त्या शनिवारी मानसभा बसली. मानसभा म्हणजे संघनायकांची बैठक. पथकाचे अंतर्गत प्रश्न, शिस्त, पैसे, सगळं तिथे ठरतं, स्काऊट मास्टर फक्त सल्ला देतो. तोवर मी ती नावापुरती घेत होतो. मी बोलायचो आणि ते मान हलवायचे. त्या दिवशी मला बोलायला तोंडच नव्हतं, म्हणून मी ऐकत बसलो. त्यांनी ठरवलं : बाहेर असताना दर अर्ध्या तासाने मोजायचं, मोजणी संघनायकाने करायची आणि सरांना आकडा द्यायचा. प्रत्येकाला एक जोडीदार, जोडीदाराला सोडून कुठे जायचं नाही. आणि खूण मातीत केली तरी तोंडाने सांगितल्याशिवाय ती धरायची नाही. मी एकही शब्द सुचवला नव्हता. सभेची नोंद ठेवणाऱ्या पोराने, त्याला आम्ही लेखक म्हणतो, ते वहीत लिहिलं, आणि आम्ही आजही तसंच करतो.

पोरांना मग सभेची चव लागली. जानेवारीत ‘रोही’च्या नायकाने एक विषय आणला. त्याच्या संघातल्या एकाच्या दप्तरात खर्ऱ्याची पन्नी सापडली होती. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घोटून केलेला खर्रा आमच्याकडे चहासारखा चालतो. शाळेपासून 100 यार्डांत तंबाखू विकायची नाही असा 2003 पासूनचा कायदा आहे, पण पोराला पन्नी मिळायची तिथे मिळतेच.

मला वाटलं, त्याला काढा म्हणतील. तसं कोणी म्हणालं नाही. बराच वेळ बोलले. घरी कोण खातं, कोणी पहिल्यांदा दिला, सोडायला काय लागेल. शेवटी ठरलं, पथकात जो आहे त्याने खर्रा खायचा नाही, गणवेशात असो वा नसो. लेखक लिहिता लिहिता थांबला. माझ्याकडे पाहिलं. वर्गातला सगळ्यात शांत पोरगा.

“सर, ‘पथकात जो आहे’ म्हंजे तुमी बी न?”

माझ्या खिशात पुडी होती. अकरा वर्षांची सवय. सगळ्यांना माहीत होतं, फक्त कोणी आजवर बोललं नव्हतं. मी पुडी काढून टेबलावर ठेवली आणि म्हणालो, “हो. मीसुद्धा. तसं लिही.”

ते सोपं गेलं नाही. फेब्रुवारीत यवतमाळच्या स्टँडवर बस लागायला उशीर होता, तेव्हा मी एक घेतला आणि खाल्ला. शनिवारी मानसभेत सांगितलं. कोणी हसलं नाही. लेखकाने तारीख टाकून लिहिलं : ‘सरांनी स्वतः सांगितले. पुढे चालू.’ त्यानंतर मी खाल्लेला नाही. ज्या पोराच्या दप्तरात पन्नी सापडली होती, त्याचं मात्र अजून कधी कधी चुकतं. तोही येऊन सांगतो.

राहता राहिल्या मुली. पहिल्या वर्षापासून आठवी-नववीच्या मुली विचारत होत्या, आमचं काय? मुलींचं गाईड पथक वेगळं, आणि त्याची कॅप्टन बाईच असली पाहिजे. मी दोनदा त्यांना “बघू” म्हणालो. एकदा मनात असंही आलं की मीच शिकवावं आणि कागदावर कोणा मॅडमचं नाव घालावं. असं होतं कुठे कुठे. मग ते गवंडी भाऊ आठवले, उद्या दुसरा मास्तर आल्यावर काय, हा त्यांचा प्रश्न आठवला, आणि मी तो विचार सोडला. आमच्या विज्ञानाच्या मॅडम रोज वर्ध्याहून बसने येतात-जातात, घरी लहान मूल. मी त्यांना विचारायलाच कचरत होतो. शेवटी मुलीच गेल्या, सात जणी मिळून, स्टाफरूमच्या दारात. मॅडमनी एक अट घातली, शनिवारचा तास साडेअकराला संपला पाहिजे, कारण पावणेबाराची बस.

उन्हाळ्यात मॅडम बेसिक कोर्स करून आल्या. यादीत सोळा मुली आहेत, फुलांची नावं घ्यायची म्हटल्यावर एका संघाने ‘पळस’ घेतलंय. जन्मतारखा या वेळी मी तीनदा तपासल्या. अर्ज मागच्या सोमवारी यवतमाळला देऊन आलो, सोबत बसमध्ये तो शांत लेखक होता. त्याला कार्यालय पाहायचं होतं. आता नोंदणी यायची आहे, आणि तोवर मुली तीन महिन्यांच्या वह्या लिहिताहेत.